तराजूतला डोळा

‘द व्हील ऑफ टाइम’ या फँटसी कादंबरीमालिकेच्या पहिल्या भागात एक छोटा प्रसंग आहे. खेड्यातून जीव मुठीत धरून निघालेली तीन तरुण पोरं एका शहरातल्या सराईत उतरलेली आहेत. तिथं मिन नावाची मुलगी भेटते. तिला माणसांच्या भोवती चित्रं दिसतात, आणि त्यांचा अर्थ बहुतेक वेळा तिचा तिलाही लागत नाही. मॅट नावाच्या पोराभोवती तिला लाल गरुड दिसतो, तराजूत ठेवलेला एक डोळा दिसतो, माणिक जडवलेला खंजीर, एक शिंग आणि एक हसरा चेहरा दिसतो. ती हे सांगून मोकळी होते आणि गोष्ट पुढं निघते.

रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’चा हा पहिला भाग जानेवारी १९९० मध्ये आला. तराजूतल्या डोळ्याचा हिशेब लागला तो तेराव्या भागात, २०१० साली. तिथं मॅट एका बाईची सुटका करण्यासाठी स्वतःचा एक डोळा किंमत म्हणून मोजून देतो. ही बाई म्हणजे म्वारेन. पहिल्या भागात त्याचा जिच्यावर काडीचा विश्वास नव्हता, जिच्यापासून शक्य तितकं लांब पळायचं एवढंच त्याच्या मनात होतं, तीच. तेरावा भाग मिटल्यावर मी कपाटातून पहिला भाग काढला, सराईतलं ते पान शोधलं आणि उभ्या उभ्याच वाचायला लागले. बसले कधी ते आठवत नाही. माझं दुसरं पारायण असं सुरू झालं.

“परत तेच वाचतेस? शेवट तर माहीत आहे ना?” हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की पूर्वी मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेत असे. आता तसं करावंसं वाटत नाही, कारण त्या प्रश्नामागे एक समजूत आहे आणि ती मला साफ चुकीची वाटते. पुस्तक म्हणजे एक माहिती, ती एकदा कळली की संपलं, अशी ती समजूत. वर्षाअखेरीला पुस्तकांच्या याद्या लागतात, वर्षाला पन्नास पुस्तकांचे संकल्प सोडले जातात, मुलांना ‘किती वाचलीस’ असं विचारलं जातं, या सगळ्याच्या मुळाशी तीच असते. माझं म्हणणं असं की दीर्घ फँटसी मालिकेचं पहिलं वाचन हे अर्धंच वाचन आहे. लेखकानं ती तशीच बांधलेली असते. आणि आपण मोजतो ते नेमकं हे अर्धं.

बांधणीचंच बघा. या मालिकेचा प्रस्तावनेचा प्रसंग पहिल्यांदा वाचणाऱ्याला जवळपास काहीच कळू देत नाही. एका उद्ध्वस्त महालात एक वेडा माणूस बायकोला हाका मारत फिरतोय. ती त्याच्या पायाशीच मरून पडलेली आहे आणि तिला मारलंय त्यानंच. दुसरा एक माणूस येतो, त्याला शुद्धीवर आणतो, म्हणजे त्यानं काय करून ठेवलंय ते त्याला दाखवतो. त्या दुःखात तो स्वतःला संपवतो आणि त्या जागी एक पर्वत उभा राहतो. कोण हा, कधीची गोष्ट, कशासाठी, काही पत्ता लागत नाही. बाराव्या भागाच्या अखेरीस, २००९ साली, नायक रँड, म्हणजे त्या तीन पोरांतला एक आणि त्या वेड्या माणसाचाच नवा जन्म, त्याच पर्वताच्या माथ्यावर जाऊन बसतो. सगळं जग संपवून टाकावं इतका तो थकलेला आहे. पुन्हा पुन्हा जन्म घ्यायचा, पुन्हा तेच युद्ध, पुन्हा तीच माणसं गमवायची, हे कशासाठी? त्याला उत्तर मिळतं ते असं, की मागच्या वेळी जे चुकलं ते या वेळी नीट करता यावं म्हणून, पुन्हा प्रेम करता यावं म्हणून. हे वाचून पुन्हा प्रस्तावनेकडे या. महालातल्या त्या वेड्या माणसाच्या हाका आता ऐकवत नाहीत.

मी शेवट फोडून टाकला असं कुणाला वाटेल. वाटू दे. मी मुद्दामच फोडलाय, कारण तो कळल्यानं तुमचं काही हिरावलं जात नाही हेच मला सांगायचंय. उत्सुकता ही पहिल्या वाचनाची गोष्ट आहे आणि ती मोठी गोष्ट आहे, मी तिला कमी लेखत नाही. पण पुढं काय होणार या घाईत वाचणारा माणूस पात्रांकडे फारसं बघत नाही. त्याची नजर दाराकडे असते. दुसऱ्यांदा वाचताना ती घाई संपते आणि तिच्या जागी काळजी येते. म्वारेन खेड्यात येते आणि तीनही पोरांना एकेक चांदीचं नाणं देते, तेव्हा पहिल्या वेळी आपणही त्यांच्यासारखेच थोडे दिपतो, थोडे दचकतो. त्या नाण्यांचा माग काढून ती त्यांना शोधू शकते हे पुढं कळतं, तेव्हा तिचा रागच येतो. दुसऱ्या वेळी आपल्याला ठाऊक असतं की ही बाई वीस वर्षं एका मुलाला शोधत फिरतेय, भरवशाची माणसं तिच्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि आज तिला पहिल्यांदाच वाटतंय की तो सापडला. पानावरचा एक शब्दही बदललेला नाही. नाणं देणारा तिचा हात मात्र आता थरथरत असेल असं मला वाटत राहतं.

आता लांबीचा आरोप. तो खरा आहे म्हणूनच त्यावर जरा थांबायला हवं. चौदा भाग, एक पूर्वकथा, चाळीस लाखांहून जास्त शब्द. “निम्म्यात सांगता आलं असतं” हे वाक्य या प्रकारच्या प्रत्येक मालिकेबद्दल कुणीतरी म्हणतंच. जे. आर. आर. टॉल्किन यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहिलं आहे की या पुस्तकात आपल्याला बरेच दोष दिसतात, पण त्यातल्या एकाबद्दलच बोलतो, जो इतरांनीही दाखवला आहे: पुस्तक फार छोटं आहे. ते गमतीनं लिहिलंय असं पुष्कळांना वाटतं. मला ते शब्दशः खरं वाटतं, आणि का, ते एका प्रसंगावरून सांगते.

लॅन हा एका बुडालेल्या राज्याचा राजा. तो तान्हा असतानाच ते राज्य अंधाराच्या रानानं गिळलं. आता शेवटचं युद्ध जवळ आलंय आणि त्याला तिकडे एकट्यानं जाऊन मरायचंय. आपल्यामागं कुणी येऊन उगाच मरू नये म्हणून तो आयुष्यभर आपल्या लोकांना टाळत आलाय. त्याची बायको नाइनीव त्याला अडवू शकत नाही हे तिला कळतं. ती कबूल होते, तुला सीमेवरच्या मुलखात नेऊन सोडते म्हणते, आणि आधी त्याच्याकडून वचन घेते: वाटेत कुणी स्वतःहून सोबत यायला निघालं तर त्याला नाही म्हणायचं नाही. मग ती त्याला सीमेवरच सोडते, पण अगदी पश्चिम टोकाला. युद्धाची खिंड आहे पूर्वेला. त्याला आता सगळा मुलूख घोड्यावरून ओलांडावा लागणार. आणि स्वतः ती एका सराईत, त्या बुडालेल्या राज्यातून परागंदा झालेल्या एका व्यापाऱ्यासमोर जाऊन उभी राहते. आपलं पूर्ण नाव सांगते, नवऱ्याच्या घराण्याच्या नावासकट. माझा नवरा खिंडीकडे निघालाय, तो एकटाच जाणार का, एवढाच निरोप सगळीकडे पोचवा म्हणते.

हा प्रसंग अकराव्या भागात आहे, २००५ सालच्या. मी तो आत्ता एका परिच्छेदात सांगितला. तुम्हाला बरा वाटला असेल, पण घशात आवंढा आला नसेल. माझ्या येतो, दरवेळी, आणि त्याचं कारण त्या पानावर नाही. ते मागच्या दहा भागांत आहे. नाइनीव रागावते, वेणी ओढते, कुणाचं ऐकत नाही, चूक कबूल करत नाही, हे मी हजारो पानं सोसलेलं असतं. लॅन दगडासारखा गप्प राहतो, तेही सोसलेलं असतं. ओळखीच्या माणसानं एक शब्द बोलला तरी आपण हलतो, तेच वाक्य अनोळखी माणसाच्या तोंडी कोरडं जातं. ही ओळख करून द्यायला पानं लागतात. तिला आखूड वाट नाही. दीर्घ मालिकेचा लेखक जो वेळ खर्च करतो तो गोष्ट सांगण्यासाठी नाही, सहवासासाठी करतो. सहवासाचा सारांश काढता येत नाही.

तरीही दहावा भाग रेंगाळतो, हे मी प्रामाणिकपणे म्हणेन. त्या तीन पोरांतल्या पेरिनच्या बायकोचं अपहरण होतं १९९८च्या आठव्या भागात आणि ती सुटते २००५च्या अकराव्यात. ज्यांनी सात वर्षं वाट पाहिली त्यांचा संताप मला समजतो. माझं वाचन नंतरचं असल्यानं ते सात वर्षांचं अंतर मी काही आठवड्यांत पार केलं आणि लक्षात आलं की त्या संतापातला मोठा वाटा वाट पाहण्याचा होता, पानांचा कमी. तरी दोष उरतोच. प्रवासाची, सामानसुमानाची, पोशाखांच्या कडांवरच्या भरतकामाची काही वर्णनं आजही माझ्याच्यानं वाचवत नाहीत, मी ती पानं उलटते. पण उलटताना मला ठाऊक असतं मी काय उलटतेय. जुन्या माणसाच्या ठरावीक लांबलचक हकिकती आपण अर्ध्या कानानं ऐकतो आणि तरीही त्याच्या शेजारून उठत नाही, तसं काहीसं.

सगळ्यात जड आरोप पळपुटेपणाचा. खरं जग झेपत नाही म्हणून तुम्ही त्याच काल्पनिक जगात परत परत दडी मारता, असा. यावर मी वाद घालण्यापेक्षा एक अनुभव सांगते. वडील दीर्घकाळ आजारी होते त्या दिवसांत, रुग्णालयाच्या बाकावर बसून मला एकही नवं पुस्तक वाचता आलं नाही. दोन-तीन आणली होती, चांगली होती. पण नवं पुस्तक तुमच्याकडे एक विश्वास मागतं. ते तुम्हाला कुठं नेणार, कुठल्या पानावर वार करणार, हे ठाऊक नसताना तुम्ही त्याच्यामागून जायचं असतं. तेवढा विश्वास माझ्यात तेव्हा शिल्लक नव्हता. ओळखीच्या पुस्तकात कुठं दुखणार आहे ते मला माहीत होतं, म्हणून तिथं मी दुखू देऊ शकले.

आणि दुखतंच. रँडच्या डोक्यात एक यादी आहे. त्याच्यामुळे, त्याच्यासाठी, त्याच्या हातून मेलेल्या बायकांच्या नावांची. तो ती मनातल्या मनात पाठ म्हणतो, एकही नाव गाळायचं नाही अशी स्वतःला शिक्षा असल्यासारखी. जॉर्डन व्हिएतनामच्या युद्धात लढून आले होते. त्यांच्या नायकाला विजयापेक्षा मेलेल्यांचा हिशेब जास्त छळतो, यात मला तरी नवल वाटत नाही. या यादीत म्वारेनचंही नाव आहे. पहिल्यांदा वाचताना आपणही ते नाव त्याच्यासोबत दुःखानं घेतो. दुसऱ्यांदा आपल्याला माहीत असतं की ती जिवंत आहे. तो स्वतःला जाळतोय ते एका अशा मरणासाठी, जे घडलेलंच नाही, आणि आपण त्याला हाक मारून सांगू शकत नाही. त्या बाकावर बसून मी हे वाचत होते, आणि आपण स्वतःला ज्या गोष्टींसाठी दोषी धरतोय त्यातल्या किती खरोखर घडल्यात, असा विचार तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आला. याला कुणी पळून जाणं म्हणत असेल तर म्हणो.

वयाबरोबर वाचन बदलतं हे सगळेच म्हणतात, मी त्यात फार भर घालणार नाही. एवढंच सांगते की कॉलेजच्या वयात मला नाइनीव असह्य व्हायची. पस्तिशीत वाचताना दिसलं की ती फार तर पंचविशीची आहे, गावच्या आजारपणांची, बाळंतपणांची जबाबदारी तिच्यावर येऊन पडलीय, गावातले पुरुष तिचं वय काढतात, आणि पोरं पळाल्यावर त्यांच्या मागावर एकटी निघून त्यांना गाठलं ते तिनंच. वेणी ओढणार नाही तर काय करणार? उर्सुला ले ग्विन यांनी तर हे लिहूनच दाखवलं. त्यांच्या ‘अर्थसी’ या फँटसी मालिकेची तिसरी कादंबरी १९७२ची, चौथी १९९०ची. मधल्या अठरा वर्षांनी लेखिका आपल्याच जगात परतली आणि तिला महान जादूगारापेक्षा शेतावरची विधवा, तिनं सांभाळलेली भाजलेली पोर आणि सगळी शक्ती गमावून शेळ्या राखणारा तोच जादूगार दिसला. लेखिकेनं केलेलं ते पुनर्वाचनच आहे.

पुनर्वाचनाचा सगळ्यात ठोस पुरावा मात्र ‘व्हील ऑफ टाइम’च्याच इतिहासात आहे. १६ सप्टेंबर २००७ रोजी जॉर्डन वारले. अकरा भाग झाले होते, शेवट बाकी होता. आजारपणात त्यांनी टिपणं ठेवली, प्रसंग तोंडी सांगून ठेवले, शेवटाचा मजकूरही लिहून ठेवला. त्यांच्या पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल यांनी काम पुरं करायला निवडलं ते फँटसी लेखक ब्रँडन सँडरसन यांना. हा माणूस पौगंडावस्थेपासून या मालिकेचा वाचक. काम हाती घेतल्यावर त्यांनी आधी अख्खी मालिका पुन्हा वाचून काढली. एका पुस्तकात आटोपेल असं वाटलेला शेवट तीन पुस्तकांचा झाला आणि २०१३च्या जानेवारीत संपला. कुठले धागे उघडे आहेत, कुठल्या भागातलं कुठलं वचन फेडायचं राहिलंय, हे त्या लाखो शब्दांतून कुणाला सांगता आलं असतं? एकदा वाचून पुढच्या पुस्तकाकडे गेलेल्याला नक्कीच नाही. तराजूतला तो डोळा ज्या पानावर मोजून दिला जातो, ते पान या मालिकेवर जीव लावून बसलेल्या एका वाचकाच्या हातून पुरं झालं.

या मालिकेच्या वाचकांना सरावही तसाच झाला होता. नवा भाग यायचा झाला की आधीचे सगळे पुन्हा वाचायचे, ही त्यांची रीतच होती. पाचव्या भागाच्या शेवटी एका पात्राचा खून होतो आणि खुनी कोण ते सांगितलेलं नसतं. १९९३ पासून वाचकांनी पानं खणून खणून त्यावर खल केला. उत्तर उघडपणे छापलं गेलं ते सतरा वर्षांनी, तेराव्या भागाच्या मागच्या शब्दसूचीत. इतक्या वादाचं उत्तर शब्दसूचीत! मला ते योग्यच वाटतं. तोवर त्या उत्तरासाठी लोकांनी जे वाचन केलं होतं ते उत्तरापेक्षा कितीतरी मोठं झालं होतं.

म्हणून मुलांच्या वाचनाचा हिशेब ठेवणाऱ्यांशी माझं भांडण आहे. माझ्या भाचीला शाळेत वाचनाची वही ठेवावी लागते. पुस्तकाचं नाव, पानं, तारीख, शेरा. मालिका एकदा संपवून तिनं पहिला भाग पुन्हा हातात घेतला आणि वहीत तसं लिहिलं, तर त्या ओळीवर काट मारून शेजारी ‘हे आधी झाले आहे’ असा शेरा आला. ती चौदा वर्षांची आहे. वर्षभर मान मोडून तिनं चौदा भाग वाचले होते आणि कुणी न सांगता ती पुन्हा पहिल्या पानाशी गेली होती. वाचनाची गोडी लागावी म्हणून ज्या वह्या काढल्या, त्यातलीच एक वही तिला सांगत होती की हे वाचन धरलं जाणार नाही. मला त्या शेऱ्याचा जितका राग आला तितका तिला आला नाही. “मावशी, मी वहीत लिहिणंच बंद केलं,” ती म्हणाली. वाचन बंद केलं नव्हतं.

गेल्या सुट्टीत ती आली तेव्हा तिचा पहिला भाग माझ्या हातात आला. कोपरे दुमडलेले, पाठ खिळखिळी झालेली. पानापानांवर समासात पेन्सिलीनं बारीक आकडे होते. मला आधी वाटलं गणितं केलीत. मग सराईतलं पान आलं, मिन बोलत होती, आणि ‘तराजूत डोळा’ या शब्दांशेजारी तिनं लिहिलं होतं: १३.